चाकांवरचे घर आणि विम्याचा कागद

अमेरिकेत लेकीसुनांकडे जाऊन आलेल्या आमच्या वाचकांनी तेथील हमरस्त्यांवर बसगाडीएवढी लांब, खिडक्यांना पडदे लावलेली वाहने पाहिली असतील. आत बिछाना, चूल, न्हाणीघर, सर्व काही असते. तेथे त्यांस ‘आर. व्ही.’ म्हणतात, आम्ही ह्या लेखापुरते त्यांस फिरते घर म्हणू. ही वाहने निघाली ती सुटीत चार दिवस रानावनात हिंडण्यासाठी. परंतु कित्येक माणसे आता बारा महिने त्यांतच राहतात. कोणी निवृत्तीनंतर देश पाहण्याच्या हौसेने, तर कोणी घरभाडे परवडेनासे झाले म्हणून. नेव्हाडा राज्यातील एम्पायर येथील जिप्समचा कारखाना सन २०११ मध्ये बंद पडला, तेव्हा कामगारांची वसाहत रिकामी झाली आणि गावाचा टपाल क्रमांकसुद्धा रद्द करण्यात आला. ‘नोमॅडलँड’ ह्या चित्रपटाची नायिका ह्याच गावातून गाडी घेऊन बाहेर पडते.

अशा माणसांपुढे थंडी, वारा, पेट्रोल ह्यांच्या अडचणी असणारच. त्यांहून बिकट अडचण, आमच्या मते, विम्याची आहे. कारण विम्याचा कोणताही अर्ज घ्या, त्यात आरंभीच विचारलेले असते, आपण राहता कोठे?

समजा, एका वृद्ध जोडप्याने राहते घर विकून असे वाहन घेतले. वाहनाचा विमा उतरविला, हप्ताही वेळेवर भरला. एके दिवशी शेजारच्या गाडीतील बाई भेटीस आली, उतरताना पायरीवरून घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. दवाखान्याचा खर्च कोणी द्यावा? वाहनाचा विमा म्हणतो की हा रस्त्यावरील अपघात नव्हे. गाडी तर उभी होती. पूर्वी असा प्रसंग घरच्या अंगणात घडला असता, तर घराच्या विम्यातून भरपाई झाली असती. पण घर विकले त्याच दिवशी तो विमाही संपला! सुटीपुरत्या फिरणाऱ्यासाठी जो विमा असतो, तो घेणाऱ्याचे दुसरीकडे पक्के घर आहे, असे गृहीत धरूनच लिहिलेला असतो. बारमाही राहणाऱ्यासाठी निराळी, अधिक हप्त्याची पॉलिसी घ्यावी लागते. वर्षातून सहा महिन्यांहून अधिक काळ गाडीत राहिल्यास तो बारमाही रहिवासी, असा काही कंपन्यांचा नियम आहे.

आगीची गोष्ट तर ह्याहून अवघड. आपल्या घरास आग लागली तर निदान दारची गाडी वाचते, किंवा गाडी गेली तर घर उरते. येथे घर, वाहन, कपडेलत्ते, कागदपत्रे सारे एकाच वेळी भस्मसात होते. पुष्कळ पॉलिसी अशा वेळी गाडीची त्या दिवसाची किंमत तेवढी देतात. ही वाहने नवी असताना झपाट्याने मोल गमावतात. कर्ज मात्र पंधरा-वीस वर्षांचे असते. तेव्हा गाडी जळून गेली, भरपाई मिळाली, आणि तरीही कर्ज शिल्लक, असे घडू शकते. स्वतःच्या हाताने जुन्या मालगाडीत पलंग व चूल बसविणाऱ्यास तर विमा देण्यासच कित्येक कंपन्या नकार देतात.

मग काहीजण अर्जावर भावाचा किंवा मुलाचा पत्ता घालतात व ‘केवळ सुटीपुरता वापर’ असे लिहितात. आम्ही त्यांस लबाड म्हणण्यास कचरतो. पुष्कळदा त्यामागे लोभापेक्षा लाजच अधिक असते. आपणांस घर नाही, हे लिहून द्यावयाचे कोणाच्या जिवावर येणार नाही? परंतु दाव्याच्या वेळी कंपनीचा माणूस चौकशी करतो, खरे बाहेर येते, आणि माहिती खोटी दिली म्हणून सबंध दावा फेटाळला जातो.

सरळ मार्गही आहे. साउथ डकोटा, टेक्सास व फ्लोरिडा ह्या राज्यांत पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही, आणि तेथे टपाल स्वीकारून पुढे धाडणाऱ्या संस्था आहेत. साउथ डकोटात एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखवून वाहनपरवाना मिळू शकतो. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन ह्या लहानशा शहरात अशा फिरस्त्यांची एक जुनी संघटना आहे. तिच्या पत्त्यावर हजारो कुटुंबे कागदोपत्री नांदतात, जरी त्यांचे पाय तेथे क्वचितच लागतात.

पत्ता मिळाला तरी आजारपणाचा प्रश्न सुटत नाही. सन २०१४ पासून तेथे सरकारी बाजारपेठेतून आरोग्यविमा घेता येतो. पण योजना मिळते ती पत्त्याच्या जिल्ह्यापुरती, आणि डॉक्टरही बहुधा त्याच परिसरातले. साउथ डकोटाचा पत्ता असलेला मनुष्य हिवाळ्यात ॲरिझोनाच्या उबेत असताना त्याची साखर वाढली, तर नेहमीच्या तपासणीचे पैसे त्यास बहुधा खिशातून द्यावे लागतात. प्राणावर बेतले तर गोष्ट वेगळी. सन २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने परक्या रुग्णालयास तातडीच्या उपचारांचे वाढीव बिल विमा असलेल्या रुग्णाच्या माथी मारता येत नाही. मात्र रस्त्यावरून नेणारी रुग्णवाहिका त्या कायद्यातून वगळलेली आहे.

ह्या कोंडीतून सुटण्यासाठी अनेकजण ख्रिस्ती नावाने चालणाऱ्या ‘वाटेकरी’ मंडळांकडे वळतात. सभासद दरमहा ठरावीक रक्कम देतात, त्यातून आजाऱ्यांची बिले भागविली जातात. राज्याची, जिल्ह्याची अट नसते आणि रक्कमही कमी. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील एकमेकांच्या ओझ्यांविषयीचे वचन ही मंडळे आवर्जून सांगतात. कल्पना उदात्त आहे आणि तिच्यामुळे पुष्कळांची बिले फिटली, हेही खरे. पण हा विमा नव्हे. बिल दिलेच पाहिजे असे कायदेशीर बंधन मंडळावर नसते, पूर्वीचे दुखणे बहुधा वगळलेले असते, आणि सन २०२१ मध्ये असे एक मंडळ दिवाळखोरीत निघाले तेव्हा सभासदांची बिले तशीच राहिली. प्रभूचे नाव छापलेल्या कागदाची शर्तही ओळ न ओळ वाचावी. असे म्हणणे श्रद्धेस कमीपणा आणणारे आहे, असे आम्हांस वाटत नाही.

पासष्टी पूर्ण झाली की पुष्कळांस हायसे वाटते, कारण तेव्हा ‘मेडिकेअर’ ही केंद्र सरकारची योजना लागू होते. तिचे मूळ स्वरूप कोणत्याही राज्यात, ती स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालते. पण तिच्याऐवजी खाजगी कंपनीमार्फत मिळणारी योजना निवडली, तर पुन्हा ठरावीक प्रदेशाची मर्यादा येते. त्या प्रदेशाबाहेर सलग सहा महिन्यांहून अधिक काळ राहिल्यास बहुतेक योजनांतून नाव कमी होते. म्हणून ॲरिझोनात हिवाळा काढणारे कित्येक म्हातारे गाडीतील भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दिवस मोजत असतात.