देवावर भरवसा आणि वखरलेलं वावर

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीचा तास असायचा, पण तो बहुतेक वेळा वह्या पूर्ण करण्यातच जायचा. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर सांभाळून घ्या. पण जे सांगायचं आहे ते मला इंग्रजीत सांगताच येणार नाही. कारण ते मला कुहीला, आमच्या वावराच्या धुऱ्यावर बसून, आबाजींनी सांगितलं आहे.

गोष्ट सेकंड इयरची. थर्ड सेमिस्टर आणि समोर एम-थ्री! ज्यांनी हा विषय पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. पी.एल. लागली आणि मी घरी गेले. आमच्या कुही तालुक्यात वैनगंगेच्या काठावर अंभोरा आहे. पाच नद्यांचा संगम आणि टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ. आता तिथे मोठा केबलचा पूल झाल्यामुळे नागपूरचे लोक रविवारी फोटो काढायला येतात, पण आमच्याकडची माणसं पूर्वीपासून नवस बोलायला जातात. मीही गेले आणि बोलले, ‘‘देवा, एम-थ्री निघू दे, अकरा नारळ वाहीन.’’

खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी निर्धास्त झाले. लाप्लास ट्रान्सफॉर्म थोडा वाचला, फुरिये सिरीज ऑप्शनला टाकली, बाकीचं देवावर सोडलं. निकाल लागला. 80 पैकी 19!

मे महिन्यात घरी गेले तेव्हासुद्धा राग गेला नव्हता. राग स्वतःवर नव्हे, देवावर. वावरात वखरणी सुरू होती. ऊन असं की चपलेतूनही पाय भाजावा. आबाजी धुऱ्यावर पळसाच्या सावलीत बसले होते. मी त्यांना म्हटलं, ‘‘आबाजी, देव काही ऐकत नाही.’’

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘पोरी, वावर वखरलंच नाही, तं पाणी येऊन का करन?’’

बस, एवढंच. पुन्हा ते वखराकडे पाहायला लागले.

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आपल्या वयाच्या मुलामुलींत देवाबद्दल दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणजे ‘देव बघून घेईल’. दुसरं म्हणजे ‘देवबिव काही नसतं, सगळं आपल्याच हातात आहे’. पहिल्या मतात तयारी नाही आणि दुसऱ्यात भरवसा नाही. मला प्रश्न पडला, हे दोन्ही एकत्र असू शकतात का? की देवावर विश्वास ठेवायचा म्हणजे आपले प्रयत्न कमी करायचे?

शाळेतल्या सिस्टर एक शब्द वापरायच्या, ‘व्होकेशन’. हा शब्द लॅटिनमधून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘हाक’. मराठी ख्रिस्ती लोक त्याला ‘पाचारण’ म्हणतात. देव हाक मारतो आणि माणूस त्या कामासाठी निघतो, अशी कल्पना. लहानपणी मला वाटायचं की हाक आली की त्याच दिवशी सिस्टर होत असतील. नंतर कळलं की तसं अजिबात नाही. कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे आधी किमान एक वर्षाचं नोव्हिशिएट, म्हणजे उमेदवारी. त्यानंतर तात्पुरती व्रतं, तीही किमान तीन वर्षं. मग कुठे कायमची व्रतं. शिवाय आमच्या सिस्टरांनी बी.एड. केलं होतं ते वेगळंच! म्हणजे ज्यांची देवाच्या हाकेवर सर्वांत जास्त श्रद्धा, त्यांचीच तयारी सर्वांत लांब. हे मला तेव्हा खटकलं नाही, पण एम-थ्रीनंतर खटकलं.

आता एक उदाहरण सांगते, तेही आपल्या विदर्भातलं. आबाजींच्या पेटीत एक जुनी ‘गीताई’ आहे. ती लिहिणारे विनोबा भावे. नागपूरहून वर्ध्याला जाताना धाम नदीच्या काठी पवनारला त्यांचा आश्रम लागतो. आमची शाळेची सहल तिथे गेली होती, पण तेव्हा आमचं सगळं लक्ष डब्याकडे होतं. नापास झाल्यावर मात्र मी विनोबांबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

विनोबांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 चा, रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचा. शिक्षण बडोद्याला. घर सोडण्याआधी त्यांनी आपली सर्टिफिकिटं आईच्या चुलीत घातली. 25 मार्च 1916 ला ते इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले, पण सुरतला उतरले आणि काशीची गाडी धरली. आता तुम्ही म्हणाल, ‘‘हे तर आमच्या फायद्याचं उदाहरण झालं! परीक्षाच सोडली.’’ मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण पुढे वाचा. त्यांनी परीक्षा सोडली, अभ्यास सोडला नाही. काशीला संस्कृत सुरू केलं. त्याच वर्षी जूनमध्ये अहमदाबादच्या आश्रमात गांधीजींकडे गेले. 1917 मध्ये गांधीजींकडून एक वर्षाची रजा घेऊन वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकले. रजा संपली त्या दिवशी आश्रमात हजर झाले, असं सांगतात. आपल्यापैकी कितीजण पी.एल.चा हिशोब असा देऊ शकतील?

‘गीताई’ची गोष्ट तर फारच बोलकी आहे. विनोबांच्या आईला गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हतं आणि मराठीत जे भाषांतर मिळालं तेही जड गेलं. तेव्हा ती मुलाला म्हणाली की तूच सोपी गीता का लिहीत नाहीस? ही त्यांना आलेली हाकच म्हणायची. पण विनोबा त्याच रात्री लिहायला बसले नाहीत. ऑक्टोबर 1918 मध्ये आई वारली. लिखाण सुरू झालं 7 ऑक्टोबर 1930 ला आणि संपलं 6 फेब्रुवारी 1931 ला. प्रत्यक्ष लिहायला चार महिने लागले आणि त्याआधीची तयारी सुमारे पंधरा वर्षांची! जिच्यासाठी लिहिलं ती वाचायला नव्हती. तरीही त्यांनी लिहिलं आणि ती ‘गीताई’ आज कुहीसारख्या गावात पेटीत सापडते.

दुसरा प्रसंग मला सर्वांत जास्त आवडतो. 1942 ते 1945 विनोबा तुरुंगात होते. त्यातला काही काळ तामिळनाडूतल्या वेल्लोरला. तिथे त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषा एकदम शिकायला घेतल्या. कोणी विचारलं, एकदम चार कशाला? तर त्यांचं म्हणणं असं की दक्षिणेच्या भाषा चारच आहेत म्हणून चार, पाच असत्या तर पाच घेतल्या असत्या. तेव्हा या भाषांचा उपयोग काय होणार हे त्यांना माहीत नव्हतं. ना परीक्षा होती, ना नोकरी.

मार्च 1951 मध्ये ते वर्ध्याहून पायी निघाले. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. त्या काळात तेलंगणात जमिनीवरून रक्तपात चालला होता. संमेलन झाल्यावर विनोबा त्या भागात फिरायला गेले. 18 एप्रिल 1951 ला पोचमपल्ली गावात 40 दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे 80 एकर जमीन मागितली. विनोबांकडे जमीन कुठली? त्यांनी सभेतच गावकऱ्यांना विचारलं आणि रामचंद्र रेड्डी उभे राहून म्हणाले, मी 100 एकर देतो. इथूनच भूदान चळवळ सुरू झाली. विनोबा तेव्हा 55 वर्षांचे होते आणि उभे होते तेलुगू बोलणाऱ्या माणसांमध्ये. वेल्लोरला गिरवलेली ती अक्षरं आठवा!

त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. हा देवाचा इशारा आहे का, याचा ते विचार करत होते. पण एक इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी म्हणून मला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. विनोबांचा देवावर जसा विश्वास होता तसाच गणितावर. त्यांनी हिशोब मांडला. देशात कसण्याची जमीन सुमारे 30 कोटी एकर, भूमिहीनांसाठी हवी 5 कोटी, म्हणजे सहावा हिस्सा. घरात पाच मुलं असतील तर मला सहावा समजा, असं ते पुढे लोकांना सांगत. हाक ऐकली आणि लगेच कॅल्क्युलेशनही केलं. मग तेरा वर्षं पायी फिरले.

आता या सगळ्यातून मला काय समजलं ते सांगते.

पहिली गोष्ट. तयारी आणि भरवसा या एकमेकांच्या विरुद्ध गोष्टी नाहीत. मृगाचं पाणी येणारच नाही असं ज्याला वाटतं तो मे महिन्याच्या उन्हात वखर कशाला चालवेल? आबाजी वखरतात म्हणजेच त्यांचा पावसावर भरवसा आहे. उलट मी नवस बोलून पुस्तक मिटलं तेव्हा माझा देवावर विश्वास नव्हताच. मी फक्त माझं काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकत होते. संत सावता माळ्यांनी मळ्यातल्या कामातच विठ्ठल पाहिला, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. युरोपातल्या बेनेडिक्टाइन मठांतही ‘प्रार्थना कर आणि काम कर’ ही शिकवण आहे. गाव वेगळं, धर्म वेगळा, गोष्ट तीच.

दुसरी गोष्ट सिव्हिलवाल्यांना लगेच पटेल. डिझाइन करताना आपण सगळे लोड काढतो आणि तरीही लिमिट स्टेट मेथडमध्ये त्याला 1.5 ने गुणतो. का? कारण सगळंच आपल्याला माहीत असतं असं नाही. मटेरिअल, हवामान, माणसाची चूक. हा 1.5 म्हणजे इंजिनिअरची नम्रता आहे असं मला वाटतं. पण ज्याने लोडच काढला नाही त्याने 1.5 ने कशाला गुणायचं? शून्य गुणिले दीड बरोबर शून्य. माझ्या एम-थ्रीचं हेच झालं. आणि ज्याला वाटतं की आपलं कॅल्क्युलेशन परफेक्ट आहे, आपल्याला फॅक्टरची गरज नाही, त्याच्या बिल्डिंगमध्ये मी तरी राहायला जाणार नाही.

तिसरी गोष्ट थोडी कडू आहे. भरवसा म्हणजे गॅरंटी नव्हे. विनोबांचं लक्ष्य 1957 पर्यंत 5 कोटी एकर होतं. प्रत्यक्षात मिळाली 40 लाखांच्या थोडी वर. त्यातलीही बरीच जमीन खडकाळ निघाली, काही वादात अडकली, काही वाटलीच गेली नाही. म्हणजे एवढी श्रद्धा, एवढी तयारी आणि निकाल एक दशांशाहूनही कमी! मग ते फेल झाले का? बरेच दिवस मी यावर विचार केला. ज्या घरांना ती जमीन मिळाली त्यांना जाऊन कोणी ‘फेल’ म्हणू शकेल असं मला वाटत नाही. आबाजींच्या वावरातही कधी पाणी दगा देतं, कधी मिरचीवर रोग येतो. पुढच्या मे महिन्यात वखर पुन्हा निघतोच.

आता माझ्याबद्दल. आमच्या तालुक्यातली कितीतरी गावं गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेली. 1988 मध्ये भूमिपूजन झालेलं धरण. कोणाच्या वावराला पाणी मिळालं, कोणाचं वावरच पाण्यात गेलं. बसमध्ये शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाया अजून जुन्या गावाचं नाव सांगतात. हे ऐकत मी मोठी झाले आणि मला पाण्याच्या कामातच जायचं आहे. नकाशावर निळी रेघ ओढण्याआधी त्या रेघेखाली कोण राहतं हे जाऊन विचारणारी इंजिनिअर व्हायचं आहे. ही माझी हाक आहे का? खरंच माहीत नाही. घरच्यांना वाटतं कॅम्पसमधून सॉफ्टवेअरची नोकरी घ्यावी, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. बाबांवर कर्ज आहे. गेटमध्ये रँक येईल की नाही, सरकारी जागा निघतील की नाही, काहीच हातात नाही. हातात आहे तो हायड्रॉलिक्सचा आजचा चॅप्टर. तो मी करते. आणि रात्री झोपताना, शाळेतली सवय म्हणून, दोन मिनिटं डोळे मिटते. मागत काही नाही. आज एवढं वखरलं, असं फक्त सांगते.

एम-थ्री दुसऱ्या अटेम्प्टला निघाला. 80 पैकी 46. फार नाहीत, पण माझे आहेत. फुरिये सिरीज त्यात पूर्ण सोडवली होती. निकालानंतर मी अंभोऱ्याला गेले, एक नारळ वाहिला. नवस बोललाच नव्हता, त्यामुळे फेडायचा प्रश्न नव्हता.

आता परीक्षेच्या आदल्या दिवशी आबाजींचा फोन येतो. ‘‘देवाले हात जोडले का?’’ असं ते विचारत नाहीत, ते मी जोडणारच हे त्यांना माहीत आहे. ते एवढंच विचारतात, ‘‘पोरी, वखरलं का?’’

मित्रांनो, सबमिशन संपत आलं आहे, पी.एल. लागणार आहे. तुमचं वावर कोणतं हे मला माहीत नाही. पण तुम्हीही एकदा स्वतःला विचारून पाहा, वखरलं का?