गटात बसणे आणि गटाने शिकणे

शेवगाव तालुक्यातल्या काही शाळांत दिवाळीनंतर पट भरलेला दिसतो, वर्ग भरलेला नसतो. आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर गेले की मुलेही जातात. काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात. गाळप संपून परतलेल्या मुलाला मग चार हुशार मुलांच्या गटात बसवतात. पुढचे मी पुष्कळदा पाहिले आहे. गटप्रमुख उत्तर लिहितो, दुसरा त्याच्या वहीत डोकावतो, आणि परतलेले मूल पेन्सिलीला टोक काढत बसते.

२०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयाच्या सुमारास साताऱ्याकडच्या कुमठे बीटमधील शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. येताना पुष्कळांनी फरशीवर रंगवायच्या आकृत्या आणल्या. मुलांना एकमेकांशी बोलू देण्याची सवय थोड्यांनीच आणली, असे माझे मत.

गटप्रमुख तसा जुनाच. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायची मद्रासमधली पद्धत अँड्र्यू बेलने १७९७ मध्ये लंडनला छापली. ती स्वस्त पडे. पण कोणाला येते आणि कोणाला येत नाही, हे तीत आधीच ठरलेले असते.

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले एका वर्गात आली आणि तेढ वाढली. तेव्हा एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचेच तुकडे केले. गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा. मग सगळ्या गटांतली एकाच तुकड्याची मुले आधी एकत्र बसतात, तो समजून घेतात, आणि आपापल्या गटात परतून सांगतात. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. त्यामुळे शेजाऱ्याचे ऐकल्यावाचून गत्यंतर नाही.

आमच्याकडे जायकवाडीचा धडा असा वाटता येतो: गोदावरीचे पाणी, नाथसागरात गेलेल्या जमिनी, कालवे, पाणपक्षी. वाचनात मागे पडलेल्या मुलाची खरी सोय मधल्या बैठकीत होते. तिथे दुसरे कोणी मोठ्याने वाचते, हा ऐकतो, दोनदा सांगून पाहतो आणि मग गटाकडे जातो. तोवर पक्ष्यांविषयी त्याच्या गटात त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. (धडा उसाचा असेल तर त्याला तोडणीचा तुकडा देऊ नये. ऊस त्याने पुरेसा पाहिलेला असतो.)

एका तासिकेत हे उरकत नाही. दोन जोडून घ्याव्या लागतात. गलकाही होतो, आणि तपासणीला आलेले साहेब दारातूनच विचारतात, ‘वर्गावर शिक्षक नाहीत का?’