बाईकचा पेट्रोल पाईप किती लांब हवा? 'अर्धा मीटर द्या' म्हणण्याआधी हे वाचा

टाकीत पेट्रोल आहे, प्लग नवा आहे, तरी गाडी घाटात गचके खाते आणि बंद पडते. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालू! मेकॅनिक कार्बोरेटर साफ करून देतो, दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. अशा वेळी पेट्रोल कॉकपासून कार्बोरेटरपर्यंत जाणाऱ्या वीतभर पाईपकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

आधी एक गोष्ट. हे सगळं कार्बोरेटरवाल्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे जुनी स्प्लेंडर, जुनी पल्सर, जुनी बुलेट. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक बाईकमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. त्यात पंप साधारण ३ बार दाबाने पेट्रोल ढकलतो. तिथे साधा रबरी पाईप कापून बसवायचा नाही म्हणजे नाही. कंपनीचाच पाईप घ्या.

कार्बोरेटरच्या गाडीत पंप नसतो, पेट्रोल आपल्या वजनानेच खाली उतरतं. टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरपेक्षा ३० सेंटीमीटर वर असेल तर दाब किती? जेमतेम ०.०२ बार. म्हणजे इंजेक्शनच्या तुलनेत शंभरपटीहून कमी!

अनेकांना वाटतं, पाईप लांब असला की दाब कमी होतो. तसं नाही. दाब उंचीवर ठरतो. लांबीमुळे होणारं घर्षण एवढ्याशा पाईपमध्ये नगण्य असतं. खरा घोळ वेगळाच आहे. जास्तीचा पाईप कुठेतरी कमान करून वर चढतो आणि त्या कमानीत हवेचा बुडबुडा अडकतो. टाकी भरलेली असताना पेट्रोल त्याला ढकलून पुढे जातं, पण रिझर्व्हला आलं की तेवढा जोर उरत नाही. पाईप खाली लोंबला तर त्या झोळात पाणी आणि कचरा साचतो. आणि इंजिनच्या हेडला टेकला तर? पेट्रोलची आतच वाफ होते, गाडी बंद पडते, थंड झाली की चालू. तो घाटातला प्रकार बऱ्याचदा हाच असतो.

म्हणून पाईप आखूडच बरा, असंही नाही. ताणलेला पाईप इंजिनच्या थरथरीने हळूहळू निप्पलवरून सरकतो. गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रणच.

मग मापायचं कसं? टाकी जागेवर ठेवून सुतळी घ्या आणि पाईप ज्या वाटेने जाणार त्याच वाटेने फिरवा, सरळ रेषेत नको. वाट कॉकपासून सतत उताराची आणि इंजिनपासून लांब असावी. दोन्ही निप्पलवर चढण्यासाठी दीड-दोन सेंटीमीटर धरा. वर बोटभर जास्त ठेवून कापा, बसवून बघा आणि मग जादा तुकडा छाटा. जुना पाईप माप म्हणून वापरत असाल तर तो मूळचाच आहे ना, ते आधी पाहा. मध्ये फिल्टर लावणार असाल तर त्याची लांबी वजा करा, बाण कार्बोरेटरकडे ठेवा. कापायला नवं ब्लेड घ्या, पकडीने कापलेलं टोक वेडंवाकडं होतं. अर्धा मीटर विकत घेतला म्हणून अख्खा बसवायचा नसतो!

आणि कृपा करून फिश टँकचा पारदर्शक पाईप लावू नका. पेट्रोलमुळे तो काही महिन्यांत कडक होतो आणि निप्पलपाशी तडकतो. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, त्यात जुनं रबरही लवकर खराब होऊ शकतं. दुकानदाराला ई-२० ला चालणारा पाईप मागा. आतला व्यास निप्पलच्या मापाचाच घ्या, सैल पाईप क्लिपने आवळून भागत नाही.

बसवल्यावर लगेच किक मारू नका. कॉक उघडून पाच मिनिटं थांबा आणि दोन्ही जोडांवरून कोरडं बोट फिरवा. कोरडंच राहिलं तर गाडी चालू करा. एक चक्कर मारून आल्यावर इंजिन बंद करून तेच पुन्हा तपासा, कारण रबर तापल्यावर मऊ होतं आणि ढिली क्लिप तेव्हाच उघडी पडते.