पासपोर्ट एक, पास दोन

माझी आपा आणि मेहुणे 2023 साली मुलाकडे फ्रँकफर्टला निघाले होते. भाच्याचा उत्साहाने फोन आला, "मामू, युरोपभर फिरायचे रेल्वेपास काढले. तिघांचे एकदम!" त्याने पाठवलेले कागद मी सवयीप्रमाणे अक्षरन् अक्षर वाचले. तिन्ही पासांवर इंटररेल लिहिलेले होते आणि तिथेच घोटाळा होता.

युरोपच्या रेल्वेचे असे दोन पास आहेत. युरेल 1959 साली बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी निघाला, तर इंटररेल 1972 साली तिथल्याच तरुणांसाठी. पुढे इंटररेलला वयाची अट राहिली नाही. आज दोन्ही पास 33 देशांत चालतात आणि गाड्याही त्याच. फरक आहे तो राहण्याच्या ठिकाणाचा. भारतातून फिरायला जाणाऱ्याने युरेल घ्यायचा. भाच्याचा पासपोर्ट भारतीयच, पण त्याच्याकडे जर्मनीत राहण्याचा रीतसर परवाना आहे, म्हणून त्याला इंटररेल. आई-बापांना मात्र तो चालत नाही. तपासनीसाने पासपोर्ट मागितला की पास बाद, वर दंडाची पाळी. नशिबाने पास सुरू केलेले नव्हते. थोडी कपात होऊन दोघांचे पैसे परत मिळाले.

खरी गंमत पुढेच आहे. इंटररेलवाल्याला स्वतःच्या देशात पासावर मनमुराद फिरता येत नाही. तिथे एकदा बाहेर पडण्याचा आणि एकदा घरी परतण्याचा प्रवास, एवढीच मुभा. युरेलला हे बंधन नाही. म्हणजे आपा पासावर बर्लिन, म्युनिक, हॅम्बुर्ग करू शकते, आणि शेजारच्या आसनावर बसलेल्या मुलाने वेगळे तिकीट काढायचे! आपाला हे शेवटपर्यंत पटले नाही. "घर त्याचं, आणि तिकीटही त्यालाच?" असे ती विचारत राहिली.

तेव्हा पासाआधी फिरण्याचा बेत कागदावर मांडावा. महिन्यात 4, 5 किंवा 7 दिवस प्रवासाचे, असे पास मिळतात. सलग दिवसांचेही असतात. चार दिवस एकाच गावी मुक्काम करणाऱ्याने सलग दिवसांचा पास कशाला घ्यावा? रात्रीची गाडी मध्यरात्रीपूर्वी पकडली आणि सकाळी उतरेपर्यंत बदलली नाही, तर एकच दिवस मोजला जातो. साठी ओलांडलेल्यांना 10 टक्के सवलत आहे. 12 ते 27 वयाच्यांना त्याहून अधिक.

पास हातात आला म्हणजे जागा मिळाली असे नव्हे. फ्रँकफर्टहून पॅरिसला जाणाऱ्या वेगवान गाडीत पासधारकालाही आरक्षण लागते, त्याचे पैसे वेगळे. आणि पास म्हणजे व्हिसा नव्हे. इंग्लंड या पासात आहे, पण शेंगेन व्हिसात नाही. आपाची लंडनची हौस तिथेच अडली. लंडनचे दिवस मग व्हिएन्नाला दिले.