उष्ण प्रदेशातील विद्यापीठवास्तू : नागपूरच्या हवामानाच्या संदर्भात

नागपुरात उन्हाळी परीक्षांचा काळ आणि कडक उन्हाळ्याचा काळ हे बहुधा एकच असतात. मे महिन्यातील दुपारचे सरासरी तपमान येथे ४२ ते ४३ अंश सेल्सिअसच्या घरात असते. काही वर्षी पारा ४७ अंशांपर्यंतही चढलेला आहे. अशा दिवसांत तीन तास बसून उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या बुद्धीची परीक्षा होते की उष्मा सोसण्याच्या शक्तीची, हा प्रश्न विचारणे अप्रस्तुत नाही. विद्यापीठाच्या इमारतीची रचना हा म्हणूनच अध्यापनाशी निगडित असा विषय होय.

प्रथम हवामानाचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. समुद्रापासून दूर, सुमारे २१ उत्तर अक्षांशावर आणि सुमारे ३०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराला 'उष्ण व कोरडे' असे विशेषण सर्रास लावले जाते. ते मार्च ते जूनच्या पूर्वार्धापुरतेच खरे आहे. पुढील तीन-साडेतीन महिन्यांत येथे १,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि डिसेंबरातील रात्री तपमान १२-१३ अंशांपर्यंत उतरते. इमारतींतील ऊर्जावापरासंबंधी २००७ साली तयार झालेल्या भारतीय संहितेत नागपूरची गणना 'संमिश्र' हवामानाच्या विभागात केली आहे ती यामुळेच. केवळ उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली, सर्व बाजूंनी बंदिस्त इमारत श्रावणात कोंदट व ओलसर होते. एकाच वास्तूने तीन ऋतूंची कामे करावयाची, ही येथील खरी अडचण आहे.

या अडचणीचा पहिला परिहार दिशेत आहे. २१ जूनला मध्यान्ही सूर्य येथे जवळजवळ डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेकडे असतो. २१ डिसेंबरला तो दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. दक्षिणेकडील दीड मीटर उंचीच्या खिडकीवर ६० सेंटिमीटर रुंदीचा छज्जा घातला, तर मार्च व सप्टेंबरातील विषुवदिनांना मध्यान्हीचे ऊन पूर्णपणे अडते आणि डिसेंबरात मात्र खिडकीच्या खालच्या भागातून हवेसे ऊन आत येते. पूर्व व पश्चिम दिशांना ही युक्ती चालत नाही. तेथील ऊन तिरपे, खालून येणारे असल्याने छज्जा त्याला अडवू शकत नाही. म्हणून इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, वर्ग व वाचनालय उत्तर-दक्षिण बाजूंना घ्यावेत आणि पश्चिमेस जिने, भांडारे, स्वच्छतागृहे अशा गौण खोल्यांची फळी उभारावी, हे उचित.

दुसरा विचार भिंतींचा. जाड भिंत उष्णता अडविते असे म्हणतात. वस्तुतः ती उष्णतेला विलंब लावते. चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर जाडीच्या विटांच्या भिंतीवर दुपारी पडलेला ताप आतल्या बाजूस पोहोचण्यास ढोबळमानाने दहा-बारा तास लागतात. वर्ग दिवसा वापरावयाचे असल्याने त्यांना हा विलंब उपकारक आहे. वसतिगृहात मात्र तोच ताप विद्यार्थी निजण्याच्या वेळी आत उतरतो. सबब दोहोंची बांधणी एकाच नमुन्याने करणे चुकीचे ठरते. वसतिगृहाच्या भिंती सावलीत ठेवलेल्या, वजनाने हलक्या आणि रात्रीच्या वाऱ्याला मोकळ्या असाव्यात.

जाड भिंतींचा लाभही रात्री त्या निवल्या तरच मिळतो. उन्हाळ्यात दिवस व रात्र यांच्या तपमानात सुमारे १४ अंशांचे अंतर पडते. म्हणून रात्री खिडक्या उघड्या व दिवसा बंद असाव्यात. सार्वजनिक इमारतींचा परिपाठ नेमका उलटा असतो. सायंकाळी कुलपे लागतात, दिवसभराची उष्णता आत कोंडली जाते आणि सकाळी खिडक्या उघडताच झळा आत येऊ लागतात. हा दोष पहारेकऱ्याचा नसून आराखड्याचा आहे. छताजवळ मजबूत जाळीचे, झडपांनी मिटता येणारे झरोके ठेवल्यास सुरक्षितता न गमावता रात्रीचा वारा खेळविता येतो.

उन्हाळ्यात सर्वाधिक ऊन झेलणारा भाग म्हणजे छत. त्यावर उष्णतारोधक थर द्यावा व वर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी बसवावी, किंवा निदान दरवर्षी चुन्याचा हात फिरवावा. हा खर्च अल्प असून सर्वांत वरच्या मजल्यावरील वर्गांना त्याचा गुण तत्काळ येतो.

पाण्याच्या बाष्पीभवनाने मिळणारा गारवा विदर्भाला नवा नाही. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणे आणि आजचा कूलर यांमागील तत्त्व एकच आहे. हवा ४३ अंशांची व तिची सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर या रीतीने ती ३० अंशांच्या आसपास आणता येते. जुलैत मात्र हवा मुळातच बाष्पाने भरलेली असल्याने हा उपाय निष्प्रभ होतो. तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या, पंखा आणि पावसातही उघडी ठेवता येतील अशी तावदाने हाच उपाय उरतो.

या तत्त्वांची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. वर्ध्यानजीक सेवाग्राम येथील, १९३६ नंतर उभी राहिलेली बापूकुटी माती, बांबू व कवेलू यांची आहे. तिच्या ओसरीमुळे भिंतींवर थेट ऊन येत नाही. विद्यापीठाची बहुमजली इमारत मातीची बांधावी असा याचा अर्थ नव्हे. सावली आधी व भिंत नंतर, हा तिचा क्रम मात्र घेण्यासारखा आहे. ओसरी, पडवी, छपरी, चौक, धाबे, झरोका या शब्दांकडेही त्याच दृष्टीने पाहावे. त्यांतील प्रत्येक शब्द ऊन, वारा वा पाऊस यांच्याशी घातलेल्या एखाद्या सांगडीचे नाव आहे. शब्द टिकले, परंतु नव्या आराखड्यांत त्या जागांना स्थान उरले नाही.

वातानुकूलनाची यंत्रे आज उपलब्ध आहेत आणि प्रयोगशाळा, हस्तलिखितसंग्रह अशा ठिकाणी ती आवश्यकही आहेत. तथापि शेकडो वर्गांचा भार त्यांच्यावर टाकला, तर वीज खंडित होताच काचबंद वर्ग निरुपयोगी होतो आणि विजेचे देयक मात्र दरमहा येत राहते. इमारतीची दिशा ठरविण्यास खर्च पडत नाही. पण ती पाया खणण्यापूर्वीच ठरवावी लागते. त्या वेळी झालेली चूक पुढील पन्नास वर्षांतील प्रत्येक परीक्षार्थीला भोगावी लागते, याचे भान इमारत-समितीच्या पहिल्याच बैठकीत असणे अगत्याचे आहे.