औषध रुग्णशय्येपर्यंत : आंतररुग्ण विभागातील फार्मासिस्टचे कार्य

वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपणां सर्वांस विदित आहेत. यांपैकी द्रव्य हा पाद वैद्याच्या लेखणीतून निघून रुग्णाच्या मुखापर्यंत पोहोचताना अनेक हातांतून जातो. भांडारातून ते काढणारा, त्याची कल्पना सिद्ध करणारा, मात्रा मोजणारा आणि योग्य वेळी योग्य अनुपानासह देणारा, यांपैकी एकाच्याही हातून चूक झाली तर उत्तम निदान व्यर्थ जाते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात वमन-विरेचनापूर्वी करावयाच्या सिद्धतेचे वर्णन आहे. तेथे अन्न शिजवणारे, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रुग्णास उठवणारे व निजवणारे यांच्या बरोबरीने ‘औषधपेषक’ हा परिचारकही सांगितला आहे. औषध जाणणारा मनुष्य रुग्णाच्या निकट असावा, हा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही.

आजच्या रुग्णालयांत मात्र हा औषधपेषक रुग्णापासून दूर गेला आहे. तो तळमजल्यावरील औषधालयाच्या खिडकीआड बसतो. वॉर्डातून मागणीपत्रक येते, त्याप्रमाणे तो औषधे पाठवतो. ती कोणाला, कशासाठी, कोणत्या अन्य औषधांबरोबर दिली जाणार आहेत हे त्याला कळत नाही. वैद्य दिवसातून एक-दोन वेळा फेरी घेतात, परिचारिकांवर शुश्रूषेचा भार असतो. परिणामी औषधाच्या प्रवासावर आदीपासून अंतापर्यंत लक्ष ठेवणारा असा कोणीच उरत नाही. ही उणीव भरून काढणे, हेच क्लिनिकल फार्मासिस्टचे कार्य होय.

अन्य देशांतील अनुभव

आधुनिक वैद्यकात हा प्रश्न १९६०च्या दशकात ऐरणीवर आला. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील रुग्णालयात १९६६ साली नवव्या मजल्यावर, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णकक्षांशेजारी, औषधालयाची शाखा उघडून फार्मासिस्टांना तेथे कामास बसवण्यात आले. ब्रिटनमध्येही याच काळात फार्मासिस्ट वॉर्डात जाऊन औषधपत्रके तपासू लागले आणि १९७० सालच्या नोएल हॉल समितीच्या अहवालाने रुग्णालयीन औषधसेवेच्या पुनर्रचनेस दिशा दिली.

या प्रयोगाचे फलित काय, याचे ठोस उत्तर १९९९ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिले. बॉस्टनमधील एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ज्येष्ठ फार्मासिस्टला डॉक्टरांच्या फेरीत सामील करून घेण्यात आले. औषधयोजनेतील चुकांमुळे होणारे टाळता येण्याजोगे अपाय दर हजार रुग्णदिवसांमागे १०.४ होते, ते ३.५ वर आले. म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश घट झाली. फार्मासिस्टने औषधयोजनेसंबंधी केलेल्या ३६६ सूचनांपैकी ३६२ डॉक्टरांनी मान्य केल्या. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१७ साली औषधोपचारातील टाळता येणारी हानी कमी करण्याची जागतिक मोहीम हाती घेतली.

फार्मासिस्ट व टेक्निशियन : कामाची वाटणी

फार्मासिस्टने वॉर्डात जावयाचे, तर औषधालयातील मोजणी, बांधणी व साठा यांचे काम कोणी पाहावे? ब्रिटनने याचे उत्तर प्रशिक्षित टेक्निशियनच्या रूपाने शोधले. रुग्ण दाखल होताच त्याने घरून आणलेली औषधे तपासणे, तो घरी काय काय घेत होता याची नोंद करणे, वॉर्डातील साठा व मुदत पाहणे आणि घरी जाताना द्यावयाची औषधे सिद्ध ठेवणे ही कामे टेक्निशियन करतो. मात्रा, परस्परविरोध, यकृत-वृक्कांची स्थिती यांचा विचार करून चिकित्सकास सूचना देणे हे फार्मासिस्टचे काम. ही जबाबदारी पुढे इतकी महत्त्वाची ठरली की ग्रेट ब्रिटनमध्ये २०११ पासून फार्मसी टेक्निशियनची नोंदणी कायद्याने अनिवार्य झाली.

या सर्वांत पायाभूत काम एकच : दाखल होताना, एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात जाताना आणि घरी परतताना रुग्णाच्या सर्व औषधांची यादी पुन्हा ताडून पाहणे. काम साधे दिसते, परंतु ते न केल्यास काय घडते याचे एक उदाहरण आपल्या क्षेत्राशी निगडित आहे.

शंखपुष्पी व फेनिटॉइन

अपस्माराच्या दोन रुग्णांमध्ये फेनिटॉइन चालू असतानाही झटके आटोक्यात राहिनात. ते शंखपुष्पीयुक्त आयुर्वेदीय सिरपही घेत होते. या निरीक्षणावरून मुंबईतील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले व १९९२ साली ‘जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही औषधे एकदाच एकत्र दिली असता फेनिटॉइनची झटके रोखण्याची शक्ती घटली. वारंवार एकत्र दिली असता रक्तातील फेनिटॉइनची पातळीही खालावली. विशेष हे, की त्याच प्रयोगात शंखपुष्पीच्या त्या कल्पाने स्वतंत्रपणे अपस्मारविरोधी गुण दाखवला. दोष शंखपुष्पीचा नव्हता, फेनिटॉइनचाही नव्हता. दोष संयोगाचा होता. एका औषधाची नोंद दुसऱ्या औषधाच्या कागदावर नसेल, तर असा संयोग कोणाच्या ध्यानात यावा?

अशी आणखी उदाहरणे आहेत. गुग्गुळाच्या अर्कामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण घटल्याचे १९९४ सालच्या भारतीय अभ्यासात आढळले. पिप्पली व मरीच यांतील पिपेरिनमुळे उलट प्रोप्रॅनोलॉल, थिओफायलिन, फेनिटॉइन यांचे शोषण वाढते. यष्टिमधु अधिक मात्रेत दीर्घकाळ दिल्यास रक्तातील पोटॅशियम घटते, आणि मूत्रल औषधे किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णात ते धोक्याचे ठरते. इसबगोल अन्य औषधांच्या शोषणात अडथळा आणतो, म्हणून त्यात वेळेचे अंतर ठेवावे लागते. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो, हे यकृतविकाराच्या व मधुमेहाच्या रुग्णांत विसरता कामा नये.

आयुर्वेदीय आतुरालयातील विशेष

आपल्या आंतररुग्ण विभागात औषध देणे हे अन्य पद्धतींपेक्षा अधिक सूक्ष्म काम आहे. सुश्रुताचार्यांनी दहा औषधकाल सांगितले आहेत. अपानविकृतीत प्राग्भक्त, समानविकृतीत मध्यभक्त, प्राणविकृतीत सग्रास वा ग्रासान्तर, असा विचार करून वैद्य औषध योजतो. परंतु केसपेपरवर ‘दिवसातून तीन वेळा’ एवढेच उतरते आणि वॉर्डात सर्व रुग्णांना जेवणानंतर एकाच फेरीत गोळ्या वाटल्या जातात. अनुपान कोणते, कोष्ण जल की तूप-मध, याची तर बहुधा नोंदच नसते.

दुसरी अडचण नामसादृश्याची. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ यांत एका उपपदाचाच फरक दिसतो. वस्तुतः दुसऱ्यात वंग, रौप्य, नाग, लोह, अभ्रक, मंडूर ही भस्मे व रससिंदूर आहे. साधा सूतशेखर व सुवर्णयुक्त सूतशेखर, लघुमालिनी वसंत व सुवर्णमालिनी वसंत, चंद्रप्रभा, चंद्रकला व चंद्रामृत ही नावे घाईत लिहिलेल्या अक्षरात सहज फिरतात. वत्सनाभ, कुचला, धत्तूर, भल्लातक इत्यादी द्रव्ये औषध नियमावलीच्या ‘ई-१’ परिशिष्टात येतात आणि ती असलेली औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. वॉर्डात ही देखरेख प्रत्यक्षात कोण करतो, याचे स्पष्ट उत्तर प्रत्येक रुग्णालयाकडे असले पाहिजे.

तिसरी गोष्ट कल्पनांची. क्वाथ त्या त्या दिवशी सिद्ध व्हावा, बस्तीची द्रव्ये मोजून व क्रमाने एकजीव व्हावीत, स्नेहपानाची मात्रा प्रतिदिनी अग्नी पाहून बदलावी. ही कामे अनुभवी सेवक करतात आणि अनेक ठिकाणी उत्तम करतात. परंतु त्यांना नोंद ठेवण्याचे शिक्षण व अधिकार मिळालेले नसतात. टेक्निशियनचे पद खऱ्या अर्थाने येथेच हवे.

कायदा व शिक्षण

१९४८च्या फार्मसी कायद्याने आधुनिक औषधांच्या फार्मासिस्टची नोंदणी सुरू झाली. २००८ साली सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आला, ज्यात अखेरचे वर्ष रुग्णालयीन प्रशिक्षणाचे आहे. २०१५च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी रुग्णास समुपदेशन करणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले. आयुर्वेद फार्मसीचे पदविका व पदवी अभ्यासक्रम जामनगरसह काही ठिकाणी चालतात, परंतु त्यांचा भर मुख्यतः निर्मितीवर राहिला आहे. शिवाय आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस औषध कायद्याखाली परवाना लागत नाही. कायद्याचा अंकुश जेथे सैल असतो, तेथे व्यावसायिकाच्या विवेकावर अधिक भार पडतो, हे औषधालयमालकांनी ध्यानी घ्यावे.

तूर्त काय करता येईल?

लहान रुग्णालयास स्वतंत्र क्लिनिकल फार्मासिस्ट नेमणे परवडणार नाही, हे खरे. तथापि पुढील गोष्टी अल्प खर्चात साध्य आहेत.

१. प्रत्येक आंतररुग्णासाठी एकच औषधपत्रक ठेवावे. त्यात आयुर्वेदीय, आधुनिक व घरगुती अशी सर्व औषधे, मात्रा, औषधकाल व अनुपान यांसह लिहावीत.

२. रुग्ण दाखल होताच त्याच्या पिशवीतील सर्व औषधे पाहावीत. ‘आणखी काही चूर्ण, काढा, सिरप घेता का?’ असे मुद्दाम विचारावे, कारण रुग्ण अनेकदा यांस औषध मानतच नाही.

३. औषधालयातील जाणत्या व्यक्तीने दिवसातून एकदा तरी वैद्यांच्या फेरीत सहभागी व्हावे.

४. सदृश नावांच्या औषधांची यादी करून त्यांच्या बरण्या वेगवेगळ्या फळीवर ठेवाव्यात. ‘ई-१’ द्रव्ये असलेली औषधे कुलुपात ठेवून त्यांची नोंदवही राखावी.

५. घरी जाताना रुग्णास स्पष्ट मराठीत लिहिलेली औषधयादी द्यावी. औषधालयमालकांनी ती पाहूनच पुढील औषधे द्यावीत व शंका आल्यास वैद्यांस दूरध्वनी करावा.

६. औषधाचा अपाय संशयास्पद वाटल्यास तो आयुष औषधदक्षता केंद्राकडे कळवावा. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानातील राष्ट्रीय केंद्राच्या अखत्यारीत देशभर अशी केंद्रे कार्यरत आहेत.

फार्मासिस्ट वॉर्डात आल्याने वैद्याच्या अधिकारास बाध येईल, अशी शंका काही ज्येष्ठांच्या मनात असते. औषधयोजनेचा निर्णय वैद्याचाच आहे आणि तो तसाच राहील. परंतु तो निर्णय रुग्णापर्यंत अबाधित पोहोचला की नाही, हे पाहणारा सहकारी लाभणे यात वैद्याचे बळच वाढते. आज आपल्या औषधांकडे शंकेने पाहणाऱ्यांस वादविवादाने उत्तर देता येणार नाही. वॉर्डातील प्रत्येक मात्रेची नोंद आपल्यापाशी असेल, तर ती नोंदच उत्तर देईल. संघटनेच्या सभासद रुग्णालयांनी निदान एका वॉर्डात ही पद्धती सुरू करून सहा महिन्यांचे अनुभव या त्रैमासिकाकडे पाठवावेत, अशी विनंती आहे.