डायव्हर्टिक्युलायटिस : भाकरी कधी, दवाखाना कधी

देऊळगाव राजातल्या माणसाचं पोट दोन दिवस दुखत राहिलं, ताप चढला, की बहुतेक वेळा गाडी तीसेक किलोमीटरवरच्या जालन्याकडे वळते. तिथे सीटी स्कॅन होतो आणि रिपोर्टवर एक लांबलचक नाव येतं : डायव्हर्टिक्युलायटिस. डॉक्टर थोडक्यात सांगतात, ‘आतड्याच्या पिशवीला सूज आहे.’ घरी पोचेपर्यंत त्याचं ‘आतड्याला पिशवी झाली’ असं होतं आणि उपाय सुचवणाऱ्यांची रीघ लागते. कुणी एरंडेल सांगतं, कुणी कोरफडीचा गर, कुणी पोट चोळून देणाऱ्या बाईंचा पत्ता देतं. यातले काही सल्ले निरुपद्रवी आहेत, काही खरोखर कामाचे आहेत आणि दोन-तीन जिवावर बेतणारे आहेत. ते निवडून वेगळे करायलाच हवेत. कारण या आजारात घरगुती उपायांचं काम मोठं आहे. फक्त ते दुखणं उठलेल्या दिवसाचं नाही.

आधी आजार समजून घेऊ. मोठ्या आतड्याच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. रक्तवाहिन्या जिथे हा थर भेदून आत शिरतात, तिथे भिंत थोडी कमजोर असते. वय वाढतं तसं त्या जागी आतलं अस्तर बाहेर फुगू लागतं. टायरला चीर पडली की तिच्यातून ट्यूबचा फुगा बाहेर यावा, तसं. या पिशव्या साधारण वाटाण्याएवढ्या असतात. कुणाला एखादीच असते, कुणाला डझनांनी. नुसत्या पिशव्या असतील तर त्याला डायव्हर्टिक्युलोसिस म्हणतात. त्यातल्या एखादीला सूज आली किंवा जंतुसंसर्ग झाला, तर तो डायव्हर्टिक्युलायटिस. दोन्ही शब्द सारखेच वाटत असल्यामुळे रिपोर्ट वाचताना घोटाळा होतो. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या दुर्बिणीच्या तपासणीत पिशव्या दिसल्या आणि घरचे धास्तावले, असं पुष्कळदा घडतं. पूर्वी पुस्तकांतही लिहिलेलं असे, की पिशव्या असलेल्या चार-पाच जणांपैकी एकाला कधी ना कधी सूज येणारच. अलीकडच्या अभ्यासांत हे प्रमाण शंभरात पाचाच्याही आत आलं आहे. नुसत्या पिशव्यांसाठी औषध लागत नाही, पथ्यही लागत नाही.

‘बिया खाऊ नका, त्या पिशवीत अडकतात’

हा सगळ्यात चिवट गैरसमज. तो घरच्यांनी काढलेला नाही, डॉक्टरांनीच कित्येक दशकं सांगितला. पेरू बंद, वांगं बंद, टोमॅटो बंद, तीळ, शेंगदाणे, मक्याच्या लाह्या सगळं बंद. ज्या तालुक्यात शेडनेटमध्ये टोमॅटो, मिरची, काकडीचं बियाणं तयार करण्यावर कितीतरी घरांचा संसार चालतो, तिथल्या माणसाला हे पटकन पटतंही. बी केवढं बारीक असतं हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं.

पण हा नुसता तर्क होता, पुरावा नव्हता. 2008 साली अमेरिकेतल्या सुमारे 47 हजार पुरुषांचा 18 वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शेंगदाणे-बदामासारखा सुका मेवा आणि मक्याच्या लाह्या भरपूर खाणाऱ्यांना सूज जास्त येते का, हे त्यात पाहिलं होतं. जास्त तर सोडाच, त्यांच्यात ती थोडी कमीच आढळली. सूज ओसरल्यावर तिळाची चटणी, अंबाडीची भाजी, भरीत, पेरू यांना हात न लावण्याचं काहीही कारण नाही. उलट या भीतीपायी माणूस मऊ भात, बिस्किटं आणि मैद्याच्या टोस्टवर येतो, आणि आतड्याला ज्याची गरज आहे तेच ताटातून जातं.

‘पोट साफ झालं की दुखणं जाईल’

बियांच्या भीतीनं नुकसान होतं, या समजुतीनं मात्र जीव जाऊ शकतो. पोट दुखलं की एरंडेल, सोनामुखी, त्रिफळ्याचा मोठा डोस किंवा एनिमा, अशी आपल्याकडे रीतच आहे. आतड्यात साचलंय म्हणून दुखतंय, हा त्यामागचा विचार. पण सुजलेल्या पिशवीची भिंत आधीच पातळ झालेली असते. जुलाबाच्या औषधानं आतडं जोरानं आकुंचन पावतं, आतला दाब वाढतो. पिशवी फुटली तर मळ आणि जंतू पोटाच्या पोकळीत पसरतात, आणि मग तातडीची शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो. कोरफडीच्या गराबरोबर येणारा पिवळा चीकही जुलाबच आहे, ‘नैसर्गिक’ म्हटल्यानं तो सौम्य होत नाही.

पोट चोळण्याचंही तेच. ‘बेंबी सरकली’, ‘गोळा उठलाय’ म्हणून तेल लावून पोट दाबणारी माणसं गावोगाव आहेत, आणि साध्या गॅसला त्यांच्या हातानं बरंही वाटत असेल. पण ताप आहे, एका ठरावीक जागी बोट लावलं तरी कळ येते, खोकलं तरी पोटात दुखतं, अशा पोटाला कुणालाही हात लावू देऊ नका. गरम पाण्याची पिशवी हलकेच ठेवल्यानं थोडा आराम मिळतो, पण तेवढ्यावर दवाखाना पुढे ढकलू नका.

मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांबद्दलही इथेच बोलायला हवं. गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घरोघरी असते आणि पोट दुखलं तरी तीच घेतली जाते. या गटातल्या गोळ्यांनी पिशवीला सूज येण्याचा, ती फुटण्याचा आणि तिच्यातून रक्त जाण्याचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. स्टिरॉइडचंही तसंच. स्टिरॉइड घेणाऱ्याचं दुखणं बऱ्याचदा दबून राहतं आणि आत काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. वेदनेसाठी डॉक्टर सहसा पॅरासिटामॉल देतात. हळद, आलं, लसूण स्वयंपाकात खुशाल वापरा, पण त्यांनी हा संसर्ग बरा होतो असा पुरावा नाही.

मग त्या दिवसांत घरी करायचं काय? तपासणी झाली, सूज साधी आहे, पू किंवा छिद्र नाही आणि घरी राहायला हरकत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तर आतड्याला विसावा द्यायचा. दोन-तीन दिवस पातळ : गाळलेली भाताची पेज, वरणाचं वरचं पाणी, नारळपाणी, पातळ ताक. दुखणं उतरायला लागलं की मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी. या दिवसांत भाकरी, कच्ची कोशिंबीर, उसळी आणि इसबगोल नको. कोंडा चांगला म्हणून सुजलेल्या आतड्यावर लादायचा नसतो.

‘दुखणं डावीकडे असेल तरच हा आजार’

पाश्चात्त्य देशांत या पिशव्या प्रामुख्यानं डाव्या बाजूला, आतड्याच्या शेवटच्या वळणावर असतात, म्हणून पुस्तकात डावं ओटीपोट लिहिलेलं असतं. जपान, कोरियासारख्या आशियाई देशांत त्या उजवीकडे जास्त आढळतात. आपल्याकडे दोन्ही बाजूंना सापडतात. उजवीकडच्या पिशवीला सूज आली की दुखणं थेट अपेंडिक्ससारखंच दिसतं, आणि नुसत्या हाताच्या तपासणीनं भल्याभल्या डॉक्टरांनाही फरक सांगता येत नाही. सीटी स्कॅनचा आग्रह यासाठी असतो. तो दरवेळी पैसे उकळायचा बहाणा नसतो.

‘रक्त पडलं म्हणजे मूळव्याधच’

एसटी स्टँडच्या आसपासच्या भिंतींवर मूळव्याध-भगंदरच्या हमखास इलाजाच्या जाहिराती वाचत आपण मोठे झालो. शौचावाटे रक्त दिसलं की मनात तेच नाव येतं. पिशवीतल्या रक्तवाहिनीतूनही रक्त जातं, बहुतेक वेळा न दुखता, आणि कधी कधी खूप. साठीच्या माणसाला एकाएकी भरपूर लाल किंवा काळपट लाल रक्त पडलं, चक्कर आली, तर मलम लावत बसू नका. रक्तस्राव आणि सूज ही पिशव्यांची दोन वेगळी संकटं आहेत आणि सहसा एका वेळी येत नाहीत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त जातं. म्हणून सूज ओसरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, अलीकडे झालेली नसेल तर, कोलोनोस्कोपी करून घ्यायला सांगतात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून नेमकी हीच तपासणी टाळली जाते. ती टाळू नका.

अँटिबायोटिक आणि ऑपरेशन

अँटिबायोटिकशिवाय सूज उतरतच नाही, असं डॉक्टर आणि रुग्ण दोघेही धरून चालत. 2012 साली स्वीडन आणि आइसलँडमधल्या 623 रुग्णांवर आणि नंतर नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचण्यांत दिसलं, की सीटी स्कॅननं साधी ठरलेली सूज अँटिबायोटिकनं लवकर बरी होत नाही. पण ‘साधी आहे’ हे स्कॅन आणि रक्ततपासणीनंतर डॉक्टरांनी ठरवायचं. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, स्टिरॉइड, गरोदरपण किंवा जास्त वय असेल तर हिशेब वेगळा. याचा अर्थ गोळ्या मनानं बंद करा असा नाही, आणि उरलेल्या जुन्या गोळ्या मनानं सुरू करा असा तर मुळीच नाही.

दुसऱ्यांदा सूज आली की आतडं कापावंच लागतं, हा नियमही मागे पडला आहे. पहिल्या दुखण्यानंतर दहा वर्षांत साधारण पाचातल्या एकाला ते पुन्हा होतं. आतडं फुटण्याचा धोका बहुधा पहिल्याच वेळी जास्त असतो. दुखणी किती झाली यापेक्षा पू, अरुंद झालेलं आतडं किंवा मूत्राशयाशी जुळलेली वाट आहे का, आणि माणसाचं जगणं किती अडलंय, हे पाहून ऑपरेशनचा निर्णय होतो.

भाकरीचं खरं काम

डेनिस बर्किट या डॉक्टरांनी युगांडात बरीच वर्षं काम केलं. तिथल्या लोकांत हा आजार जवळजवळ दिसत नाही आणि ब्रिटनमध्ये घरोघरी दिसतो, हे त्यांना खटकलं. 1971 साली त्यांनी आणि नील पेंटर यांनी मांडलं, की धान्यातला कोंडा काढून टाकल्याचा हा परिणाम आहे. पुढे चित्र इतकं सरळ राहिलं नाही. 2012 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात तंतुमय आहार घेणाऱ्यांतही पिशव्या आढळल्या आणि बद्धकोष्ठाशी त्यांचा संबंध सापडला नाही. स्वीडन-डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटाही मोठा दिसतो. म्हणजे चोथा खाल्ला की पिशव्या होणारच नाहीत, अशी हमी कुणी देऊ नये. पण त्या सुजण्याचं प्रमाण मात्र तंतुमय आहारानं कमी राहतं, हे वारंवार दिसलं आहे. ब्रिटनमधल्या 47 हजार लोकांच्या पाहणीत शाकाहारी माणसांना या आजाराचा धोका सुमारे 31 टक्क्यांनी कमी होता. लाल मांस जास्त खाणं, वाढलेलं वजन, बैठं काम आणि विडी-सिगारेट यांनी तो वाढतो.

आता आपल्या ताटाकडे पाहा. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, बाजरीत त्याहून जरा जास्त. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात तीनाच्याही आत. एका भाकरीला 60 ग्रॅम पीठ धरलं तर तीन भाकरींतून 18 ग्रॅम, वाटीभर तुरीच्या वरणातून दोन-तीन, पालेभाजीतून तीन-चार, एका पेरूतून सहा-सात. दिवसाला 25 ते 30 ग्रॅमचा हिशेब इथेच पुरा होतो, डबाबंद पावडरीला एक रुपयाही न देता. पण सोयाबीन आल्यापासून या भागात ज्वारीचं शिवार आक्रसलं, तसा ताटातला तिचा वाटाही. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी पोळी-भात, रात्री पुन्हा भात, हे आता खेड्यातही चालतं. अश्विनात, देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेच्या सुमारास, नवरात्राचे उपवास येतात आणि नऊ दिवस साबुदाणा चालतो. साबुदाण्यात तंतू जवळजवळ नाहीतच. उपवासाला राजगिरा, रताळं, पेरू घेतला तर व्रतही मोडत नाही आणि पोटही अडत नाही.

सूज पूर्ण उतरल्यावर हे सगळं हळूहळू परत आणायचं : पहिल्या आठवड्यात दिवसाला एक भाकरी, मग दोन, मग उसळ. एकदम वाढवलं तर पोट फुगतं आणि माणूस कंटाळून सोडून देतो. भाकरी जमत नसेल त्यांनी डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्यावं. एक चमचा, भरल्या ग्लासात ढवळून लगेच प्यायचं, कारण ते बघता बघता घट्ट होतं. वरून आणखी एक ग्लास पाणी. कोरडं गिळलं तर घशात किंवा आतड्यात अडकतं. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणं यात धरायलाच हवं.

पोट ताठ आणि कडक झालं, ताप उतरत नाही, पाणीही पोटात टिकत नाही, वारा सरत नाही, लघवीतून हवेचे बुडबुडे येतात किंवा रक्त थांबत नाही, यातलं एकही असेल तर रात्र काढू नका. काही खाऊ-पिऊ घालू नका, 108ला फोन करा. सोबत जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घ्या. घरी एरंडेल, काढा किंवा दुखण्यावरची गोळी दिली असेल तर ती कधी आणि किती, हे डॉक्टरांना न लाजता सांगा.